क्लिप-ऑन एरोबार आणि रोड सायकलचे हँडल

क्लिप-ऑन एरोबार ही रोड सायकलच्या मूळ हँडलवर क्लॅम्पच्या साहाय्याने बसवली जाणारी, पुढे आलेल्या दोन दांड्यांची जोडणी आहे. सायकलस्वार कोपरे गाद्यांवर टेकवून आणि हात या दांड्यांवर ठेवून पुढे वाकतो. त्यामुळे त्याच्या शरीराचा वाऱ्याला सामोरा जाणारा भाग कमी होतो आणि तळहातांवरील भारही हलका होतो. ट्रायथलॉन, वैयक्तिक कालमापन शर्यती आणि दीर्घ पल्ल्याचे सायकलिंग यांत ही जोडणी वापरली जाते. मूळ हँडल न बदलता ती बसवता व काढता येत असल्याने एकच सायकल रोजच्या सरावासाठी आणि शर्यतीसाठी वापरता येते.

मात्र प्रत्येक हँडलवर एरोबार बसत नाही. हँडलच्या मध्यभागाचा व्यास, त्याच्या गोल भागाची लांबी, आकार, घडणीचे साहित्य आणि निर्मात्याने दिलेली अनुमती या पाच गोष्टींवर सुसंगतता ठरते. अयोग्य हँडलवर बसवलेला एरोबार घसरू शकतो किंवा हँडलला तडा जाऊ शकतो. कोपरांवर भार टाकून वेगात जात असताना असे घडल्यास स्वाराला सावरण्यास वेळ मिळत नाही. म्हणून आधी हँडल तपासून मग एरोबार निवडणे, हा क्रम योग्य मानला जातो.

## रचना

क्लिप-ऑन एरोबारचे चार मुख्य भाग असतात.

* क्लॅम्प: हँडलला दोन्ही बाजूंनी घट्ट पकडणारी धातूची कडी. संपूर्ण जोडणीचा भार हिच्यावर असतो.
* दांड्या: क्लॅम्पमधून पुढे जाणाऱ्या नळ्या. त्यांचा बाह्य व्यास बहुधा २२.२ मिमी असतो. त्या सरळ, टोकाशी किंचित वर वळलेल्या किंवा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या दुहेरी वळणाच्या असतात.
* आर्मपॅड: कोपरांच्या थोडे पुढे, हाताखाली येणाऱ्या गाद्या. काही रचनांत त्या हँडलच्या बरोबर वर, तर काहींत मागे किंवा पुढे असतात.
* उंची वाढवणारे ठोकळे: आर्मपॅड वर उचलण्यासाठी क्लॅम्प आणि गादी यांच्यामध्ये बसवले जाणारे तुकडे.

ब्रेकचे लिव्हर मूळ हँडलवरच राहतात. त्यामुळे एरोबारवर हात असताना ब्रेक लावण्यासाठी हात उचलून मागे आणावे लागतात. या जोडणीची ही सर्वांत महत्त्वाची मर्यादा आहे.

## इतिहास

अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत १९८० च्या दशकात कोपरांना आधार देणाऱ्या हँडलांचे प्रयोग झाले. १९८६ च्या शर्यतीतील विजेता पीट पेन्सेयर्स याने अशी जोडणी वापरली होती. त्याच सुमारास बून लेनन या स्कीइंग प्रशिक्षकाने उतारावरील स्कीपटूंच्या पुढे वाकलेल्या पवित्र्यावरून सायकलसाठी एरोबारची रचना केली. स्कॉट कंपनीने ती बाजारात आणली आणि प्रथम ट्रायथलॉनपटूंनी तिचा स्वीकार केला.

एरोबारला जगभर प्रसिद्धी मिळाली ती १९८९ च्या टूर दे फ्रान्समुळे. २३ जुलै १९८९ रोजी व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किमीच्या अखेरच्या कालमापन टप्प्यापूर्वी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. लेमाँडने एरोबार वापरला, फिन्याँने वापरला नाही. लेमाँडने हा टप्पा ताशी ५४.५ किमीपेक्षा किंचित अधिक सरासरी वेगाने पार केला. या टप्प्यात त्याने फिन्याँला ५८ सेकंदांनी मागे टाकले आणि संपूर्ण शर्यत केवळ ८ सेकंदांनी जिंकली. या विजयात एरोबारचा नेमका वाटा किती, यावर मतभेद असले तरी त्यानंतर कालमापन शर्यतींत त्याचा वापर सर्वमान्य झाला.

## हँडलची सुसंगतता

### मध्यभागाचा व्यास

स्टेम हँडलला जेथे पकडतो तो मध्यभाग सर्वांत जाड असतो. आधुनिक रोड सायकलींत त्याचा व्यास बहुधा ३१.८ मिमी असतो. जुन्या रोड सायकलींत २६.० मिमी, तर जुन्या किंवा साध्या सायकलींत २५.४ मिमी व्यास आढळतो. बहुतेक एरोबार ३१.८ मिमीसाठी घडवलेले असतात. कमी व्यासाच्या हँडलसाठी क्लॅम्पच्या आत ‘शिम’ नावाची धातूची पातळ कडी घालावी लागते. ही कडी एरोबारच्या निर्मात्याने दिलेलीच वापरावी. पत्र्याचा तुकडा, रबर किंवा चिकटपट्टी घालून जागा भरणे धोक्याचे असते.

व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजता येतो. तो उपलब्ध नसल्यास हँडलभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजता येतो. परीघ सुमारे १०० मिमी भरल्यास व्यास ३१.८ मिमी, तर सुमारे ८० ते ८२ मिमी भरल्यास २५.४ किंवा २६.० मिमी असतो. या शेवटच्या दोन मापांच्या परिघात जेमतेम २ मिमीचा फरक असल्याने तेथे दोऱ्यावर विसंबू नये. २६.० मिमीचा क्लॅम्प २५.४ मिमीच्या नळीवर आवळल्यासारखा भासतो, परंतु भार पडताच फिरतो.

### गोल भागाची लांबी

व्यास जुळूनही अनेकदा एरोबार बसत नाही. याचे कारण ३१.८ मिमीचा जाड भाग हँडलच्या टोकापर्यंत जात नाही. स्टेमच्या दोन्ही बाजूंना काही अंतरावर हँडल निमुळते होते आणि हाताने धरण्याच्या भागात त्याचा व्यास सुमारे २३.८ मिमी राहतो. क्लॅम्प निमुळत्या भागावर आला तर तो पूर्ण रुंदीने टेकत नाही. अशा वेळी एका कडेवर सगळा दाब येतो.

आवश्यक लांबी काढण्याची रीत सोपी आहे. समजा, स्टेमच्या पुढच्या पट्टीची रुंदी ४२ मिमी आणि प्रत्येक क्लॅम्पची रुंदी २५ मिमी आहे. तर ४२ + २५ + २५ = ९२ मिमी इतका भाग समान व्यासाचा आणि गोल असला पाहिजे. क्लॅम्प स्टेमला घासू नयेत म्हणून दोन्हीकडे थोडी मोकळी जागाही धरावी लागते. हँडलवरच दिवा, घंटी किंवा सायकल संगणक लावायचा असल्यास त्याची जागा वेगळी मोजावी लागते. दीर्घ पल्ल्याच्या सायकलींवर ही उपकरणे एरोबारच्या दांड्यांवर किंवा त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर लावली जातात.

### आकार

हवेचा रोध कमी करण्यासाठी अलीकडच्या अनेक हँडलांचा वरचा भाग विमानाच्या पंखासारखा चपटा केलेला असतो. अशा भागावर गोल क्लॅम्प बसत नाही. काही चपट्या हँडलांत स्टेमच्या लगतचा भाग गोल ठेवलेला असतो, तर काहींसाठी निर्माता स्वतःची खास जोडणी पुरवतो. हँडल आणि स्टेम एकसंध असलेल्या रचनांवर अशा खास जोडणीशिवाय एरोबार बसवता येत नाही.

हँडलचा वाकही महत्त्वाचा असतो. वरचा भाग मध्यापासूनच मागे वळलेला असेल तर त्यावर बसवलेल्या दोन दांड्या समांतर न राहता एकमेकींपासून दूर जातात. क्लॅम्प फिरवून हा दोष पूर्णपणे सुधारता येत नाही. म्हणून एरोबारसाठी मध्यभागी सरळ असलेले हँडल निवडतात.

### साहित्य

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे मध्यम वजनाचे हँडल एरोबारसाठी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते. अतिशय हलक्या ॲल्युमिनियम हँडलांत नळीची जाडी कमी ठेवलेली असते आणि त्यांतील काहींवर निर्माते एरोबार लावण्यास मनाई करतात.

कार्बन फायबरचे हँडल वजनाने हलके आणि मजबूत असते, परंतु बाहेरून आवळणारा दाब ते केवळ त्यासाठी दृढ केलेल्या जागीच सहन करते. काही निर्माते स्टेमच्या दोन्ही बाजूंना अशी दृढ जागा ठेवतात आणि तेथे खडबडीत पट्टा किंवा खुणेच्या रेषा देतात. अशी जागा नसेल आणि माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर कार्बन हँडलवर एरोबार लावू नये. कार्बनला पडलेला आतला तडा बाहेरून दिसेलच असे नसते आणि असे हँडल पूर्वसूचना न देता मोडू शकते.

### केबल

ब्रेक व गिअरच्या केबल बाहेरून जात असल्यास त्या बार टेपखाली हँडलला चिकटून असतात. क्लॅम्पखाली केबल दबल्यास गिअर नीट पडत नाहीत आणि क्लॅम्पही गोल पकड घेत नाही. काही हँडलांत केबलसाठी खोबण असते, परंतु ती क्लॅम्पच्या जागेपर्यंत आलेली असल्यास तेथील भाग गोल राहत नाही. केबल हँडलच्या आतून जात असतील तर त्यांच्या छिद्रांवर किंवा छिद्रांच्या अगदी लगत क्लॅम्प येऊ देऊ नये.

### हँडलांचे प्रकार व उपयुक्तता

| हँडलचा प्रकार | मध्यभागाचा नेहमीचा व्यास | एरोबारसाठी उपयुक्तता |
|---|---|---|
| गोल ॲल्युमिनियम ड्रॉप हँडल | ३१.८ मिमी | सर्वाधिक सोयीचे |
| जुने ड्रॉप हँडल | २६.० किंवा २५.४ मिमी | योग्य शिमसह |
| दृढ जागा असलेले कार्बन हँडल | ३१.८ मिमी | निर्मात्याची परवानगी असल्यास |
| चपटे एरो हँडल | मध्याशी गोल, पुढे चपटे | गोल भाग पुरेसा असल्यास किंवा खास जोडणीने |
| एकसंध हँडल व स्टेम | लागू नाही | केवळ निर्मात्याच्या जोडणीने |
| हायब्रीड सायकलचे सरळ हँडल | ३१.८ किंवा २५.४ मिमी | शक्य, पण पवित्रा मर्यादित |
| रॉड ब्रेकच्या पारंपरिक सायकलचे हँडल | निरनिराळा | अयोग्य. ब्रेकच्या सळ्या हँडललगत असतात |

## जोडणी

क्लॅम्पच्या जागेवरील बार टेप सोडवून हँडल स्वच्छ व कोरडे करतात. कार्बन हँडलवर वंगण न लावता घर्षण वाढवणारी कार्बन पेस्ट लावतात. स्क्रू थोडे थोडे आणि आलटून-पालटून आवळतात, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडतो. किती आवळायचे याचा आकडा बहुधा क्लॅम्पवरच न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो. हँडल आणि एरोबार यांच्या निर्मात्यांनी वेगवेगळे आकडे दिले असल्यास लहान आकड्याची मर्यादा पाळतात. हाताच्या अंदाजापेक्षा टॉर्क पाना वापरणे श्रेयस्कर असते.

जोडणीनंतर सायकल उभी धरून आर्मपॅडवर शरीराचा भार देऊन पाहतात. या भाराने क्लॅम्प हँडलवर फिरू नये, तसेच हँडलही स्टेममध्ये फिरू नये. एरोबारमुळे स्टेमच्या स्क्रूंवर नेहमीपेक्षा अधिक पीळ येतो, म्हणून तेही तपासावे लागतात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सर्व स्क्रू पुन्हा तपासतात.

रोड सायकलची चौकट ताठ बसण्याच्या पवित्र्यासाठी आखलेली असते. एरोबारवर वाकल्यावर स्वाराला पुढे ताणावे लागत असल्यास सीट थोडी पुढे घेतात किंवा आखूड स्टेम वापरतात. सीट पुढे सरकल्याने पुढच्या चाकावरील भार वाढतो आणि सायकलचे वळणे बदलते. त्यामुळे नव्या पवित्र्याचा सराव प्रथम मोकळ्या रस्त्यावर करावा लागतो.

## वाऱ्याचा रोध आणि प्रत्यक्ष लाभ

सपाट रस्त्यावर वेग वाढतो तसा सायकलस्वाराचा बहुतेक जोर हवा कापण्यात खर्च होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, तर त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्वार आणि सायकल यांचा परिणामकारक रोधक्षेत्र-गुणांक एरोबारमुळे ०.३६ वरून ०.३० चौरस मीटरवर आला आणि हवेची घनता प्रति घनमीटर १.१५ किलो आहे असे मानल्यास, वारा नसताना ताशी ३० किमी वेगाला सुमारे २० वॅट शक्ती वाचते. ताशी २० किमी वेगाला ही बचत सुमारे ६ वॅट एवढीच असते. याच ताशी २० किमी वेगाला समोरून ताशी १० किमीचा वारा असेल तर बचत सुमारे १३ वॅट होते. म्हणजे एरोबारचा लाभ केवळ वेगवान स्पर्धकांना मिळतो असे नाही. समोरच्या वाऱ्यात मंद गतीने जाणाऱ्यालाही तो जाणवतो. मात्र चढावर वेग कमी असल्याने हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो.

## पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील वापर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या पश्चिमेस सपाट किनारपट्टी, तर पूर्वेस जव्हारकडे चढत जाणारा डोंगराळ भाग आहे. सातपाटी, शिरगाव, केळवे आणि माहीम ही किनाऱ्यावरील गावे, तसेच उत्तरेकडे तारापूर, चिंचणी, डहाणू आणि बोर्डी हा पट्टा मुख्यतः सपाट असल्याने एरोबारच्या वापरास भौगोलिकदृष्ट्या अनुकूल आहे. पालघर ते मनोर रस्त्यावर वाघोबा घाटाचा चढ-उतार लागतो. तेथे हात मूळ हँडलवर, ब्रेकजवळ ठेवणे आवश्यक असते.

किनारपट्टीवर कोरड्या ऋतूत दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो. त्यामुळे पूर्वेकडील महामार्गावरून मनोर ते पालघर किंवा चिल्हार फाटा ते बोईसर असे पश्चिमेकडे परतताना वारा बहुधा समोरून येतो आणि एरोबारचा उपयोग होतो. याउलट पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू अशा दक्षिणोत्तर प्रवासात तोच वारा बाजूने किंवा तिरका लागतो. हात एकमेकांजवळ आल्याने एरोबारवर सायकलचा तोल सांभाळणे अवघड असते, म्हणून जोराच्या आडव्या वाऱ्यात या पवित्र्याचा उपयोग कमी आणि धोका अधिक असतो.

बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत आहे आणि १९६९ पासून कार्यरत असलेले तारापूर अणुऊर्जा केंद्रही याच परिसरात आहे. औद्योगिक वसाहतीला मुंबई-अहमदाबाद महामार्गाशी जोडणाऱ्या बोईसर-चिल्हार रस्त्यावर टँकर, ट्रक आणि कंटेनर यांची वर्दळ असते. अवजड वाहन शेजारून गेले की क्षणभर हवेचा झोत बसतो आणि सायकल बाजूला ढकलली जाते. अशा रस्त्यांवर, तसेच पावसाळ्यातील खड्डे, बाजारपेठा आणि रेल्वे फाटके येथे एरोबारचा वापर टाळणे हिताचे असते.

या परिसरातील हवा खारट आणि दमट असल्याने हँडलची झीज हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. एरोबारवर स्वाराचे डोके हँडलच्या वर येते आणि घाम थेट क्लॅम्प, स्क्रू व बार टेपवर ठिबकतो. घामातील आणि हवेतील क्षारांमुळे टेपखालील ॲल्युमिनियम पांढरे पडून खड्डेदार होऊ लागते व पोलादी स्क्रू गंजतात. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असल्यास खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियमची झीज अधिक वेगाने होते. यासाठी प्रत्येक लांब फेरीनंतर क्लॅम्पचा भाग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. टेप ठरावीक काळाने, विशेषतः पावसाळा संपल्यावर, काढून हँडल तपासावे.

## महाराष्ट्रातील दीर्घ पल्ल्याचे सायकलिंग

महाराष्ट्रात ट्रायथलॉन आणि दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगचा प्रसार झाला तसा एरोबारचा परिचयही वाढला. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघगटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी सुमारे ४,८०० किमीची हीच शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पार केली. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किमीची ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यत या अमेरिकन शर्यतीसाठी पात्रता म्हणून ओळखली जाते. इतक्या लांबीच्या शर्यतींत एरोबारचा हेतू वेगापुरता नसतो. तासन् तास हँडल धरल्याने तळहातांवर दाब येऊन बोटे बधिर होतात. कोपरांवर भार घेतल्याने हातांना विश्रांती मिळते.

गोव्यात २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ या मालिकेतील शर्यत प्रथम झाली. तिच्यात १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकलिंग आणि २१.१ किमी धावणे असते. स्वतंत्र ट्रायथलॉन सायकल महाग असल्याने अशा शर्यतींत प्रथमच उतरणाऱ्यांसाठी रोड सायकल आणि क्लिप-ऑन एरोबार हा कमी खर्चाचा पर्याय ठरतो.

## स्पर्धांचे नियम

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांनुसार वैयक्तिक कालमापन शर्यतींत एरोबारला मर्यादित मापांत मुभा असते. सर्व स्पर्धक एकत्र निघणाऱ्या रस्ता-शर्यतींत तो वापरता येत नाही. अशा शर्यतींत मूळ हँडलवर कोपरे टेकवून एरोबारसारखा पवित्रा घेण्यासही २०२१ पासून बंदी आहे. ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे राहून वारा टाळण्यास मनाई असलेल्या शर्यतींत एरोबार चालतो. जेथे तशी मुभा असते तेथे एरोबारचे नियम कडक असतात. त्यामुळे नोंदणीपूर्वी त्या वर्षीची नियमावली पाहणे आवश्यक असते.

## मर्यादा आणि सुरक्षितता

* एरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात, म्हणून गर्दीत, वळणावर, उतारावर आणि इतर सायकलींच्या घोळक्यात त्याचा वापर करत नाहीत.
* मान सतत वर ठेवावी लागते. नजर खाली गेल्यास पुढचे वाहन किंवा खड्डा दिसत नाही.
* क्लॅम्पच्या कडेला ओरखडा, डाग, भेग किंवा टेपखाली पांढरी पूड दिसल्यास हँडल वापरातून काढतात. ॲल्युमिनियममधील भेग एकदा सुरू झाली की प्रत्येक हादऱ्यासरशी वाढत जाते.
* मोठ्या अपघातानंतर हँडल बाहेरून चांगले दिसले तरी ते बदलण्याची शिफारस निर्माते करतात. कार्बन हँडलबाबत हे विशेषत्वाने लागू होते.
* जुने, पूर्वेतिहास माहीत नसलेले हँडल एरोबारसाठी वापरू नये.

## हे सुद्धा पहा

* सायकल
* ट्रायथलॉन
* टूर दे फ्रान्स
* रेस अक्रॉस अमेरिका
* पालघर जिल्हा
* बोईसर